एका काउंटीला एक मत

वरिष्ठ सभागृहे बहुधा सत्ताधाऱ्यांच्या सोयीपुरती जिवंत ठेवली जातात. केनियात एकदा तेवढी सोयही कोणाला नकोशी झाली. १९६३ मध्ये स्वातंत्र्याबरोबर आलेले सिनेट १९६६ अखेर कनिष्ठ सभागृहात विलीन करण्यात आले. त्यानंतर चार दशकांहून अधिक काळ, नैरोबीच्या केंद्रसत्तेला दूरच्या प्रदेशांच्या वतीने जाब विचारणारे सभागृहच उरले नाही. २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंट्यांना स्वतःची सरकारे दिली आणि त्यांच्या हितरक्षणाची जबाबदारी नव्या सिनेटवर टाकली. त्या सिनेटमध्ये २०१३ ते २०२२ अशी नऊ वर्षे बसलेले मकुएनीचे सदस्य मुतुला किलोन्झो (धाकटे) यांच्या संसदीय कामगिरीकडे या संदर्भात पाहणे उपयुक्त ठरेल.

त्यांचा प्रवेश मात्र घराण्याच्या दारातूनच झाला. मकुएनीचे पहिले सिनेटर असलेले त्यांचे वडील, माजी न्यायमंत्री मुतुला किलोन्झो, एप्रिल २०१३ मध्ये निधन पावले. मतदार म्हणून नोंदणी सिद्ध न झाल्यामुळे बहिणीची उमेदवारी बाद झाली आणि जुलैच्या पोटनिवडणुकीत धाकटे मुतुला निवडून आले. वारसाहक्काने आलेले लोकप्रतिनिधी सभागृहात फारसे बोलत नाहीत, हा आपल्याकडचा अनुभव आहे. पेशाने वकील असलेल्या या गृहस्थांनी तो खोटा ठरविला आणि पुढे विरोधी पक्षाच्या मुख्य प्रतोदपदापर्यंत मजल मारली.

त्यांची आणि सिनेटचीही खरी कसोटी लागली ती २०२० साली. राष्ट्रीय महसुलाचा किमान १५ टक्के वाटा काउंट्यांना मिळावा, असे घटना सांगते. तो आपापसांत कोणत्या सूत्राने वाटायचा हे सिनेट ठरविते. जुन्या सूत्रात लोकसंख्येला ४५ टक्के, समान वाट्याला २६, दारिद्र्याला १८ आणि क्षेत्रफळाला ८ टक्के वजन होते. नव्या सूत्राच्या मसुद्यामुळे दाट वस्तीच्या काउंट्यांचे पारडे जड होणार होते, आणि विरळ वस्तीच्या उत्तरेकडील व किनाऱ्याकडील काउंट्यांबरोबर मकुएनीचाही वाटा घटणार होता. ‘एक माणूस, एक मत, एक शिलिंग’ ही घोषणा त्या वेळी जोरात होती. कानाला ती न्याय्यच वाटते. परंतु सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरांच्या कियांबूत २४ लाख लोक राहतात, तर पासष्ट हजारांहून अधिक चौरस किलोमीटरांच्या मार्साबिटमध्ये पाच लाखही नाहीत. मार्साबिटच्या दवाखान्यापर्यंत औषध पोहोचविण्याचा खर्च डोकी मोजून कसा काढणार?

मुतुलांचा गट लोकसंख्येचा निकष नाकारीत नव्हता. कोणत्याही काउंटीला पूर्वीपेक्षा कमी मिळता कामा नये, एवढाच त्याचा आग्रह होता. आरोग्यसेवा काउंट्यांकडे आली होती. परिचारिकांचे पगार चालू झाले होते. नवे सूत्र आले म्हणून ते पगार मागे घेता येण्यासारखे नव्हते. या युक्तिवादाला बळ मिळाले ते मतदानपद्धतीमुळे. आपल्या राज्यसभेत उत्तर प्रदेशाला ३१ जागा आणि सिक्कीमला एक. केनियाच्या सिनेटमध्ये काउंट्यांशी संबंधित प्रश्नांवर प्रत्येक काउंटीला एकच मत असते, मग ती नैरोबी असो की दीड लाखाच्या आतली लामू. त्यामुळे बहुमताला विरळ वस्तीच्या काउंट्यांचे म्हणणे ऐकून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते.

सूत्र वारंवार अडले. १७ ऑगस्ट २०२० रोजी तीन सिनेटरांना पोलिसांनी अटक केली. मालाला, लांगात आणि लेलेग्वे हे तिघेही मसुद्याच्या विरोधकांपैकी होते, तेव्हा या अटकेमागचा हेतू शोधायला फार लांब जावे लागत नाही. दडपणाचा परिणाम मात्र उलटाच झाला. १७ सप्टेंबर रोजी सिनेटने एकमताने तोडगा स्वीकारला: लोकसंख्येचे वजन १८ टक्के, आरोग्य, शेती, रस्ते यांना स्वतंत्र निकष, आणि मुख्य म्हणजे २०१९-२० च्या वाटपाचा निम्मा भाग प्रत्येक काउंटीला आधी राखून ठेवायचा. विरोधकांनी सभागृहात लावून धरलेला मुद्दा अशा रीतीने गणितात उतरला.

या विजयाचे कौतुक करताना त्याची किंमतही पाहिली पाहिजे. अध्यक्ष उहुरू केन्याटा यांनी एकूण रक्कम ३१६.५ अब्ज शिलिंगांवरून ३७० अब्जांवर नेण्याचे आश्वासन दिले, तेव्हा कुठे एकमत झाले. म्हणजे कोणी सोडायचे आणि कोणी घ्यायचे, या मूळ प्रश्नाला सिनेटने बगल दिली; जास्तीच्या पैशाने तो झाकला गेला. दरम्यान काउंट्यांच्या तिजोऱ्या रिकाम्या पडून सेवा बंद करण्याचा इशारा गव्हर्नरांना द्यावा लागला. त्या आठवड्यांत ज्यांचे पगार रखडले, त्यांना सिनेटमधील घटनात्मक युक्तिवादाचे फार समाधान वाटले असेल, असे नाही.

मुतुला २०२२ मध्ये मकुएनीचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. ज्या पैशासाठी भांडले, तो आता खर्च करण्याची आणि त्याचा हिशेब सिनेटपुढे मांडण्याची पाळी त्यांच्यावर आली. २०२४ च्या जूनमधील आंदोलनानंतर अर्थविधेयक मागे घ्यावे लागले, तेव्हा काउंट्यांसाठी ठरलेले ४००.१ अब्ज शिलिंग कनिष्ठ सभागृहाने ३८० वर आणले. सिनेट मूळ आकड्यावर अडून राहिले. वाटाघाटींनंतर ३८७.४ अब्ज हाती आले, आणि त्यातील मकुएनीच्या वाट्याची वाट पाहणाऱ्यांत या वेळी मुतुला होते.