परसबागेतले टोमॅटो-बटाटे कसे जपाल?



दिवाळीनंतर गटाची बैठक भरली की हप्त्याचा हिशोब झाल्यावर एक विषय हमखास निघतो. "ताई, टोमॅटो छान लागले होते, चार दिवसांत सगळी झाडं करपली." मग कुणी सांगतं, दृष्ट लागली. कुणी म्हणतं, कपाशीचं औषध उरलंय घरात, तेच मार. या दुसऱ्या सल्ल्यासाठीच हा लेख लिहिला आहे. आपल्या परसातला टोमॅटो आज तोडला की आजच भाजीत पडतो, लेकरं तर झाडावरचाच खातात. म्हणून झाडाला काय झालंय ते आधी ओळखू या, औषधाचं नंतर बघू.

एकाच घरातली भावंडं

टोमॅटो, बटाटा, वांगी आणि मिरची एकाच कुळातली. एकीचा रोग दुसरीला लागतो. म्हणून टोमॅटो आणि बटाटा शेजारी-शेजारी लावू नका. ज्या वाफ्यात यंदा यातलं एखादं पीक होतं, तिथे पुढची दोन-तीन वर्षं मेथी, कांदा, लसूण, मका असं काहीतरी घ्या. जागा कमी असेल तर निदान वाफ्यांची अदलाबदल करा.

करपा

ढगाळ हवा, धुकं, पानांवर सकाळी उशिरापर्यंत दव, असं दोन-तीन दिवस राहिलं की करपा येतो. तो दोन प्रकारचा असतो. लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या जुन्या पानांवर तपकिरी ठिपके पडतात, ठिपक्यात एकात एक गोल वलयं दिसतात. उशिरा येणाऱ्या करप्यात पानावर ओलसर काळपट चट्टे पडतात आणि सकाळी पान उलटून पाहिलं तर पांढरी बुरशी दिसते. हा दुसरा फार वाईट. 1845 नंतर आयर्लंड देशात याच रोगाने बटाट्याचं पीक बुडालं आणि दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली.

करप्याला ओल लागते. म्हणून:
- पाणी सकाळी आणि बुडाशीच घाला. संध्याकाळी झाडावरून पाणी ओतू नका.
- दोन झाडांत दीड-दोन फूट अंतर ठेवा. टोमॅटोला काठीचा आधार द्या आणि जमिनीला टेकलेली खालची पानं काढून टाका.
- बुडाशी वाळलेला पाला किंवा गवत पसरा. मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत.
- रोगट पानं उकिरड्यात टाकू नका. लांब खड्ड्यात पुरा.

हवा बिघडायला लागली की, रोग यायच्या आधी, बोर्डो मिश्रण मारता येतं. 50 ग्रॅम मोरचूद अडीच लिटर पाण्यात आणि 50 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अडीच लिटर पाण्यात, दोन्ही प्लॅस्टिकच्याच बादल्यांत विरघळवा. मग एकत्र करून गाळा. त्यात लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळा तांबूस झाला तर चुन्याची निवळी आणखी घाला. आधी एकाच झाडावर मारून बघा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. नंतर टोमॅटो चांगले धुऊनच वापरा.

पानं आकसली, झाड बुटकं राहिलं

हा पर्णगुच्छ, म्हणजे विषाणूचा रोग. पांढरी माशी तो पसरवते. झाड एकदा आजारी पडलं की कुठल्याच औषधाने बरं होत नाही. जीव तुटतो, पण ते उपटलेलंच बरं, नाहीतर बाकीची जातात. खरा उपाय रोपातच आहे. वाफ्यावर काठ्यांची कमान करून जुनी पातळ सुती साडी टाका, लावणीपर्यंत माशी आत जाता कामा नये. पुढे पिवळ्या रंगवलेल्या डब्याच्या झाकणाला एरंडेल लावून झाडांत टांगा, माशा चिकटतात.

हिरवं झाड अचानक सुकलं

पाणी असूनही झाड मान टाकतं तेव्हा बुडाजवळची फांदी कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात टांगा. थोड्या वेळात दुधासारखी धार उतरली तर तो जिवाणूचा मर रोग. बटाटा कापला तर आत तपकिरी कडं दिसतं, म्हणून त्याला बांगडी रोगही म्हणतात. झाड मुळाजवळच्या मातीसकट काढून लांब टाका. बेण्यासाठी बाजारातले खायचे बटाटे वापरणं शक्यतो टाळा. बेणं कापताना आत डाग दिसला तर तो बटाटा बाजूला करा आणि विळी उकळत्या पाण्यात बुडवूनच पुढचा कापा.

अळी आणि पाकोळी

टोमॅटोला भोक दिसलं की ते फळ तोडून अळी मारा. बांधाला झेंडू लावा, पतंग झेंडूवर अंडी घालतो आणि टोमॅटो वाचतो. बटाट्याची पाकोळी उघड्या पडलेल्या बटाट्याच्या डोळ्यांवर अंडी घालते. म्हणून झाडांना मातीची भर लावा. हिरवा पडलेला बटाटा मात्र खाऊ नका. काढणीच्या आठ-दहा दिवस आधी पाला कापून टाका, साल घट्ट होते. काढलेले बटाटे रात्री उघड्यावर ठेवू नका आणि त्याच पाल्याने झाकूही नका.

पांढरी माशी, मावा आणि लहान अळ्यांसाठी निंबोळी अर्क चालतो. अर्धा किलो निंबोळीची पूड फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी पिळून, गाळून दहा लिटर पाणी करा, थोडा साबणचुरा घाला आणि त्याच दिवशी संध्याकाळी फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. करपा मात्र याने जात नाही.

टोमॅटोचं बूड काळं पडलं?

तो रोग नाही. कधी खूप पाणी, कधी कोरडं, असं झालं की फळाला चुना (कॅल्शियम) मिळत नाही. पाणी नियमित द्या, पुढची फळं नीट येतील. औषधावर पैसे घालवू नका.

उरलेलं शेतातलं औषध नकोच

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. तेच विष स्वयंपाकघराच्या दाराशी आणायचं का? डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जहाल, त्याखालोखाल पिवळा. असे डबे परसबागेत आणूच नका. औषध मारल्यावर किती दिवस भाजी तोडायची नाही, तेही पिकागणिक वेगळं असतं.

रोज सकाळी चहा झाल्यावर दहा मिनिटं वाफ्यात फिरा, पानं उलटून बघा. शंका आली तर आजारी फांदी पिशवीत बांधून पुढच्या बैठकीला आणा. चारजणींनी मिळून बघितलं की लवकर कळतं.