अंगण खरेच वाकडे होते!

मराठीच्या प्राध्यापकाने संगणकावरच्या खेळांविषयी लिहावे, हा काही वाचकांना आगाऊपणा वाटेल. पण हा लेख मी हौसेने लिहीत नसून प्रायश्चित्त म्हणून लिहीत आहे, एवढे आरंभीच सांगून टाकतो.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. एका रविवारी संध्याकाळी निगडी प्राधिकरणातल्या आमच्या घरी ते ‘व्हॅलोरंट’ नावाच्या खेळाच्या सामन्यात गुंतले होते. संघातले बाकीचे चौघे आपापल्या घरी. महिनाभराची तयारी होती. साडेआठच्या सुमारास खोलीतून “गेलं!” असा आवाज आला. मी आत डोकावलो.

“हरलो, बाबा. ऐन वेळी पिंग चढलं. मी आधी गोळी मारली होती, पण ती पोचलीच नाही.”

मी शिक्षकी आवाजात म्हणालो, “नाचता येईना, अंगण वाकडं!”

बोललो एवढेच, पण त्या एका म्हणीपायी घरात चार दिवस अबोला. सौभाग्यवती दोघांना वाढीत आणि कुणाच्याच बाजूने बोलत नसत.

पाचव्या दिवशी शेजारचे तात्या चहाला आले. चाकणच्या एका मोटारीच्या कारखान्यात ते देखभाल विभागात आहेत. दोन्ही बाजू ऐकून घेऊन ते म्हणाले, “सर, आमच्याकडे कामगारानं असं सांगितलं, तर आम्ही म्हण सांगत नाही, आधी मोजतो.”

मग त्यांनी पत्रा दाबणाऱ्या प्रेसची गोष्ट सांगितली. अशा यंत्रापुढे अदृश्य किरणांचा पडदा असतो. हात आत गेला, किरण तुटला, की यंत्र थांबते. पण ‘की’ या अक्षरातसुद्धा वेळ जातोच. म्हणून हात सेकंदाला २ मीटर वेगाने पुढे येईल असे धरून पडद्याचे अंतर ठरवतात. यंत्र थांबायला १०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर पडदा निदान २० सेंटिमीटर अलीकडे हवा. “विलंब सगळीकडेच असतो, सर. तो नाही म्हणणाऱ्याची बोटं जातात!”

मी चहा खाली ठेवला.

हा विलंब मोजण्याच्या रीतीलाच पिंग म्हणतात. पाणबुडी शोधताना पाण्यात ध्वनी सोडून त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहतात. त्यावरून माइक म्यूस या अमेरिकन तंत्रज्ञाने १९८३ साली आपल्या छोट्याशा प्रोग्रॅमला हे नाव दिले. आपल्या यंत्राने दूरच्या सर्व्हरला हाक मारायची आणि ‘ओ’ यायला लागलेला वेळ मोजायचा. या खेळात सर्व्हर हा पंच असतो. मुलाने कळ दाबली, तरी पंचाला ते कळेल तेव्हाच गोळी सुटली असे ठरते.

या विलंबाचे पहिले कारण अंतर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. तेव्हा निगडीहून मुंबईला एक मिलिसेकंदही लागू नये. सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर; जाऊन येऊन ३९ मिलिसेकंद झालेच, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. ही मर्यादा निसर्गाची. कुठलाही व्यापारी त्यात सूट देऊ शकत नाही. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर २०२० साली मुंबईत आले, तेव्हा आपल्याकडच्या मुलांना आनंद झाला तो याचसाठी. उलट २०२५ च्या सप्टेंबरात तांबड्या समुद्रातल्या केबली तुटल्या, तेव्हा मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीलाही वाहतूक लांबच्या वाटेने वळवावी लागली आणि ग्राहकांना विलंब वाढल्याचे कळवावे लागले.

“मग आपण जास्त वेगाचं इंटरनेट घेऊ या,” मी उदारपणे म्हणालो.

तात्या हसले. “चाकणचा रस्ता रुंद केला म्हणून नाशिक जवळ येतं का? रुंद रस्त्यावरून जास्त ट्रक जातील एवढंच. तुमच्या पोराचा निरोप म्हणजे एकटा सायकलस्वार. त्याला रुंदी नको, मोकळी वाट हवी.”

आणि वाट अडते ती बहुधा घरातच. एखादी मोठी फाइल वर पाठवू लागलो, की राउटरच्या दाराशी तिच्या तुकड्यांची लांबलचक रांग लागते आणि खेळाचा चिमुकला निरोप त्या रांगेच्या शेवटी ताटकळतो. जिम गेटिस यांनी २०१०-११ च्या सुमारास या दुखण्याकडे जगाचे लक्ष वेधले. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी अशी रांग आटोक्यात ठेवण्याची युक्ती मांडली. हल्लीच्या काही राउटरांत तशी सोय असते.

“आता सांगा,” तात्यांनी तपास सुरू केला, “रविवारी साडेआठ वाजता घरात दुसरं कोण काय पाठवत होतं?”

सौभाग्यवतींनी माझ्याकडे पाहिले. मी छताकडे पाहिले. महाविद्यालयासाठी केलेल्या माझ्या पाच व्याख्यानांच्या चित्रफिती मी त्या रविवारी बरोबर आठ वाजता पाठवायला लावल्या होत्या.

चिरंजीवांनी काही न बोलता संगणक उघडला. पिंग १८. मग मला चित्रफीत पाठवायला सांगितले. आकडा चढू लागला: ९०, २१०, ३४०. चित्रफीत थांबवली, पुन्हा १८. मोजून झाले होते. वाक्प्रचारांवर मी गेली कित्येक वर्षे व्याख्याने देतो, आणि माझ्याच व्याख्यानांनी माझ्या मुलाची वाट अडवली होती!

त्या रात्री मी त्याच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, “चुकलं माझं.” बापाच्या तोंडून हे दोन शब्द निघायलाही बराच विलंब लागतो, तो मोजण्याचे यंत्र अजून निघालेले नाही. तो म्हणाला, “बसा, बाबा,” आणि बाजूची खुर्ची ओढली.

दुसऱ्या दिवशी आम्ही राउटरपासून त्याच्या टेबलापर्यंत केबल ओढली, कारण वायफायच्या लहरी भिंतींत अडखळतात आणि हरवलेला निरोप पुन्हा पाठवावा लागतो. राउटरमधली रांगेची सोय चालू केली. माझ्या चित्रफिती आता सगळे निजल्यावर रवाना होतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा सामना झाला. मी मुद्दाम पाठीमागे उभा होतो. पिंग अखेरपर्यंत १८ च्या आसपास राहिले आणि संघ सपशेल हरला. मी तोंडातून अवाक्षर काढले नाही. चिरंजीवच मागे वळून हसत म्हणाले,

“बाबा, आज अंगण सरळ होतं!”