तळातला न दिसणारा सांधा

मे 2014. अँटिग्वाहून इंग्लंडला परतणारी 'चीकी रफिकी' ही सुमारे 12 मीटर लांबीची यॉट उत्तर अटलांटिकमध्ये हरवली. आत पाणी येतंय, एवढं तिच्यावरच्या चौघांनी कळवलं होतं. सापडलं ते पालथं कवच. तळाखालची वजनदार कील तुटून गेलेली, लाइफराफ्ट बांधलेल्या जागीच, आणि चौघांचा पत्ता नाही. ही यॉट कुणा हौशाने परसात बांधलेली नव्हती. 'बेनेटो फर्स्ट 40.7' हे कारखान्यात शेकड्यांनी तयार झालेलं मॉडेल.

अशा यॉटचं बाहेरचं कवच एका साच्यात काचतंतू आणि राळेच्या थरांनी घडतं. दुसऱ्या साच्यात आडव्या-उभ्या पट्ट्यांची जाळी तयार होते, आणि ती कवचाच्या तळात चिकटवतात. वेळ वाचतो, किंमत आवाक्यात येते. फासळ्या एकेक करून काचकापडाने कवचाला बांधल्या, तर तो जोड डोळ्यांना दिसतो. जाळीखालचा चिकटथर मात्र झाकलेला राहतो. आणि याच जागी काही टनांची बिडाची कील बोल्टांवर लटकते. वारा होडीला आडवी पाडू पाहतो, कील तिला सरळ करते, आणि लाटेगणिक हा सगळा ताण या जोडावर येतो.

आता होडी वाळूला लागली असं धरा. कीलचं टोक अडतं, वरची होडी पुढे रेटत राहते. कीलची मागची कड तळाला वर ढकलते, पुढची खाली ओढते. मागच्या बाजूला जाळी सुटू शकते, तरी नट घट्टच लागतात. भरती आली की होडी मोकळी होते आणि कुणाला काही जाणवत नाही. पण आता तळ लवू लागतो, बोल्ट पुन्हा पुन्हा वाकतात, धातू थकतो. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने 2015 मध्ये 'चीकी रफिकी'बाबत, पूर्वी तळ लागल्याचा आणि नंतरच्या दुरुस्त्यांचा एकत्रित परिणाम हेच संभाव्य कारण दिलं. हलक्या धक्क्यानेही जाळी सुटू शकते, असंही बजावलं.

युरोपातला 'ए' वर्ग, म्हणजे बोफर्ट मापावर 8 च्या वरचा वारा आणि 4 मीटरहून उंच लाटा, हा नव्या होडीच्या आराखड्याला मिळतो. तिने पुढे किती दगड खाल्ले, ते त्यात नसतं. म्हणून जुनी यॉट घेताना मी आधी तिच्या दुरुस्त्यांची वही मागेन.

मुंबईत सागवानात बांधलेली 'सुहेली' 1968-69 मध्ये न थांबता जगप्रदक्षिणा करताना कीलजवळच्या फटीतून गळत होती. तिचे नाविक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी भर समुद्रात पाण्याखाली उतरून त्या फटीत कापूस ठोकला. फट शोधता आली, म्हणून बुजवता आली.

फायबरच्या यॉटमध्ये ही शोधाशोध किनाऱ्यावरच करावी लागते. होडी क्रेनला टांगा, कील आणि तळ यांच्यामधल्या रेषेत बारीक फट दिसते का पाहा. आतल्या फळ्या उचलून जाळीच्या कडा, विशेषतः कीलच्या मागच्या टोकाशी, प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जा. आवाज बद्द झाला, तर तिथे थांबा. आणि समुद्रात तळाशी खारं पाणी साचू लागलं, सगळे व्हॉल्व्ह बंद करूनही वाढत राहिलं, तर कीलवर संशय घ्या आणि लाइफराफ्ट तेव्हाच मोकळी करून हाताशी ठेवा.