‘अंतःप्रवाह’ : शब्द आणि अर्थ

विद्यार्थिमित्रहो, शब्दाचा अर्थ नीट न कळल्यास वाक्य बिघडतें, हें तुम्ही जाणतांच. परंतु कधीं कधीं त्यामुळें संसारही अडचणींत येतो.

आमच्या वर्गांतील एका मुलानें निबंधांत लिहिलें होतें : ‘आमच्या शेताखालून मोठा अंतर्प्रवाह वाहतो.’ एका पाणाड्यानें तसें सांगितलें होतें, आणि त्या भरंवशावर वडिलांनीं कर्ज काढून विहीर खणावयास घेतली. ४० हातांवर काळा पाषाण लागला. पाणी लागलें नाहीं. आम्हीं तांबड्या शाईनें शब्द सुधारला, परंतु मोठी चूक अर्थाची होती.

प्रथम शब्दाचें रूप पाहूं. ‘अंतर्’ म्हणजे आंत. त्यापुढें स्वर किंवा मृदु व्यंजन आल्यास ‘र्’ टिकतो : अंतरात्मा, अंतर्गत, अंतर्नाद. क, प यांसारखें कठोर व्यंजन आल्यास विसर्ग होतो : अंतःकरण, अंतःपुर. म्हणून ‘अंतःप्रवाह’ हेंच रूप शुद्ध होय.

आतां अर्थ. वरून न दिसतां आंतून चालणारा ओघ, तो अंतःप्रवाह. गयेच्या फल्गु नदीचें पात्र कोरडें दिसलें तरी वाळूखालीं पाणी असतें. म्हणून तिला ‘अंतःसलिला’ म्हणतात. आपल्याकडेही उन्हाळ्यांत नाल्याच्या वाळूंत झिरा खणतात, तो याच ओघाच्या आशेनें. वर्धा नदीच्या एखाद्या डोहाचें पाणी वरून संथ दिसतें, पण खालची ओढ पोहणाऱ्यास खेंचून नेऊं शकते. तीही अंतःप्रवाहच.

याच्या सोयऱ्या शब्दांशीं मात्र घोटाळा करूं नये. पाणी थेंब थेंब गळतें तो पाझर, उघड्यावर येऊन वाहूं लागतें तो झरा, आणि उसळून वर येतें तो उमाळा. दगडालाही पाझर फुटतो, मायेचा उमाळा येतो. परंतु अंतःप्रवाह लपलेलाच राहतो. हंसऱ्या गोष्टींतून दुःख न बोलतां जाणवत असेल, तर ‘तींत करुणेचा अंतःप्रवाह आहे’ असें लिहावें. पात्रें उघड रडत असतील, तर हा शब्द व्यर्थ होय.

‘प्रवाह’ म्हटलें कीं मनापुढें नदी उभी राहते, आणि तेथेंच फसगत होते. यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाच्या खडकाचा आहे. त्याच्या पोटांत नद्या वाहत नाहींत. वरच्या मुरमांत आणि खडकाच्या भेगांत मुरलेलें पावसाचें पाणी हळूहळू सरकतें, एवढेंच. भेग लागली तर विहीर भरते. हातभर बाजूस खणलें तर कोरडी राहते. म्हणून पालकांस विनंती आहे कीं, कर्ज काढण्यापूर्वीं भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घ्यावा. १९७२ सालीं स्थापन झालेली ही सरकारी यंत्रणा याच कामासाठीं आहे.

त्या मुलाच्या वडिलांनीं यंदा शेताच्या उतारावर बांध घातले आहेत. मुलानें नवा निबंध आणून दिला आहे. त्यांत तो लिहितो : ‘आमच्या शेताखालीं नदी नाहीं. पाऊस आम्ही जिरवूं, तेवढेंच पाणी आमचें.’ या वाक्यांत आम्हांस तांबडी शाई वापरावी लागली नाहीं.