पेशीपटलातील वाहक प्रथिने आणि मानवी रोग : सिकलसेलच्या संदर्भात

प्रस्तावना

पेशीपटल मेदद्रव्याच्या दुपदरी थराचे बनलेले असते. सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम यांचे आयन त्यातून आपोआप पार होऊ शकत नाहीत. त्यांची ने-आण पटलातील प्रथिने करतात. काही प्रथिने वाहिनीप्रमाणे उघडझाप करतात, काही पदार्थाला धरून पलीकडे पोचवितात, तर काही एटीपीची ऊर्जा खर्चून पंपाचे काम करतात. यांत बिघाड झाल्यास रोग उद्भवतो. सीएफटीआर प्रथिनातील दोषामुळे होणारा सिस्टिक फायब्रोसिस हे पाठ्यपुस्तकातील परिचित उदाहरण होय. त्याचे जनुक १९८९ साली सापडले.

सिल्वासा परिसरातील उदाहरण

दादरा व नगर हवेलीत २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ५२ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या येथील प्रमुख जमाती. दक्षिण गुजरात व लगतच्या या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे जनुक आढळते. त्यामुळे सिल्वासातील महाविद्यालयाच्या वर्गात हा विषय केवळ परीक्षेपुरता राहत नाही.

सिकलसेलमध्ये मूळ दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असतो. सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. वाहक प्रथिने मात्र निर्दोष असतात. तरीही रोग वाढविण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

घटनाक्रम

ऑक्सिजन सुटल्यावर दोषयुक्त हिमोग्लोबिनचे तंतू बनतात व तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पटलाची पारगम्यता वाढून कॅल्शिअम आत शिरते. त्यामुळे गार्डोस वाहिनी उघडते. हंगेरीतील शास्त्रज्ञ गार्डोस यांनी १९५८ साली या परिणामाचे वर्णन केले होते. पोटॅशिअम बाहेर जाते, पाठोपाठ क्लोराइड व पाणीही जाते. पोटॅशिअम-क्लोराइड सहवाहकही यात भर घालतो. पाणी घटल्याने पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि तंतू अधिक वेगाने बनतात. असे हे दुष्टचक्र आहे.

हे चक्र तोडण्यासाठी गार्डोस वाहिनी रोखणारे सेनिकॅपॉक हे औषध तपासले गेले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पेशींचा नाश कमी झाला, परंतु वेदनेचे झटके कमी झाले नाहीत. एक दार बंद केल्याने रोग आटोक्यात येत नाही, हा त्यातील बोध होय.

अध्यापकांसाठी

रुग्णाची मूत्रपिंडे लघवी पुरेशी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे शरीरातील पाणी लवकर घटते. उन्हाळ्यात वर्गात पाणी पिण्यास व लघवीस जाण्यास मुभा देणे म्हणूनच उपचाराचा भाग ठरते. जुलाबात जलसंजीवनी उपयोगी पडते, कारण आतड्यातील एसजीएलटी-१ हे प्रथिन ग्लुकोजच्या एका रेणूबरोबर सोडिअमचे दोन आयन आत घेते व पाणी त्यांच्यामागे जाते. ताप किंवा तीव्र वेदना असल्यास विद्यार्थ्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. वारंवार गैरहजेरीला आळस समजू नये.

‘वाहक’ या शब्दाचे दोन अर्थही स्पष्ट करावेत. वाहक प्रथिन वेगळे आणि सिकलसेलची वाहक व्यक्ती वेगळी. वाहक व्यक्ती बहुधा निरोगी असते. परंतु आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते.

समारोप

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली असून २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष आहे. रक्ततपासणीचा अर्थ विद्यार्थ्याला उमगला, तरच तो ती भीती वा लाज न बाळगता करून घेईल. हे काम जीवशास्त्राच्या तासाला होऊ शकते.