काजळाची रेघ आणि आपली पापणी

लग्नसराई आली की वस्तीतल्या एखाद्या घरात आरशासमोर पाच-सहा मुली जमतात. काजळाची पेन्सिल एक, मस्कारा एक आणि मोबाइलवर एक व्हिडिओ. सगळ्या जणी त्यात दाखवतात तशीच रेघ ओढतात. एकीला ती शोभते. दुसरीने डोळे उघडले की रेघ गायब होते. तिसरीची रेघ तासाभरात वर, भुवईखाली उमटते. मग ती हिरमुसून म्हणते, "माझे डोळेच बारीक, मला काही शोभत नाही." हे वाक्य आम्ही किती मुलींच्या तोंडून ऐकले असेल! आमचे उत्तर ठरलेले असते : बाई गं, तुझ्या डोळ्यात काही कमी नाही. ती रेघ दुसरीच्या पापणीसाठी होती.

डोळे मोठे किंवा बारीक का दिसतात?

नेत्रगोल सर्वांचा साधारण सारखाच असतो. मोठ्या माणसात तो सुमारे 24 मिलिमीटर, नवजात बाळात 16 ते 17 मिलिमीटर. फरक दिसतो तो पापणीमुळे. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचे धागे कातडीला जिथे जोडलेले असतात, तिथे डोळा उघडल्यावर घडी पडते. काहींची घडी ठळक असते, काहींची कातडीखाली झाकली जाते, तर काहींना घडी पडतच नाही. म्हणून "बाळाला काजळ घातले की डोळे मोठे होतात" ही समजूत खरी नाही. डोळा वयाप्रमाणे वाढतो, काजळाने नाही.

आपली पापणी ओळखा

उजेडात, आरसा डोळ्यांच्या समोर धरून बसा. भुवया न उचलता सरळ पाहा. डोळे उघडे असताना पापणीचा किती भाग दिसतो, ते बघा. रेघ कुठे यावी याची खूणही डोळे उघडे ठेवूनच करा. बंद डोळ्यावर छान दिसणारी रेघ उघडल्यावर दिसेलच असे नाही.

घडी स्पष्ट दिसणारे डोळे : आपल्याकडे असे डोळे पुष्कळ. पापणीच्या केसांलगत बारीक रेघ ओढा आणि बाहेरच्या कोपऱ्याकडे थोडी जाड करा. एवढे पुरते.

झाकलेली पापणी : जाड रेघ घडीत जाते आणि वर उमटते. म्हणून रेघ केसांच्या मुळांलगत अगदी बारीक ठेवा आणि सुकेपर्यंत वर बघू नका. रंग लावायचा तर घडीच्या किंचित वर, डोळा उघडा असताना दिसेल इतका, आणि चमक नसलेला.

सपाट पापणी, घडी नसलेली : चीन, कोरिया, जपानमध्ये असे डोळे खूप. आपल्या देशातही मणिपूर, मिझोराम, नागालँड, अरुणाचल, लडाखमध्ये आहेत. इथे रेघ थोडी जाड लागते, नाहीतर ती दिसत नाही. थोडी ओढा, डोळा उघडून बघा, मग वाढवा. रंग केसांजवळ गडद आणि वर जाताना फिका करा. केस खाली वळलेले असतात, म्हणून आधी ते वळवून घ्या. खोटी घडी पाडायला चिकटपट्ट्या मिळतात, पण त्यांच्या गोंदाने कातडी लाल होऊ शकते. घडी पाडण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये मिकामो या डॉक्टरांनी 1896 साली वैद्यकीय नियतकालिकात मांडली. म्हणजे आपल्या डोळ्यांना कमी लेखण्याचा त्रास तिकडच्या मुलींनाही जुनाच आहे. ईशान्येकडची मुलगी शेजारी राहायला आली की "चिनी डोळे" म्हणून चिडवणारी पोरे आपल्या गल्लीतही असतात. त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

खोल डोळे : गडद रंगाने ते आणखी आत गेल्यासारखे दिसतात. पापणीवर फिका रंग आणि बारीक रेघ बरी. खालून काजळ भरू नका, त्याने डोळ्याखालचा काळेपणा वाढलेला दिसतो.

पुढे आलेले डोळे : चमक नसलेला गडद रंग आणि केसांलगत पूर्ण लांबीची रेघ शोभते.

बाहेरचा कोपरा खाली झुकलेला : कोपऱ्यापर्यंत रेघ नेऊ नका. त्याआधीच ती किंचित वर वळवा.

दोन डोळ्यांत थोडा फरक असतोच. पण एक पापणी अचानक खाली आली, एकाचे दोन दिसू लागले किंवा जोराचे डोके दुखू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पूर्वी नव्हते आणि आता डोळे पुढे येऊ लागले, तर थायरॉइडची तपासणी करा. अशा वेळी मेकअपने ते झाकत बसू नका.

रेघ कुठे ओढू नये?

काजळ आपण बहुतेक जणी खालच्या पापणीच्या ओल्या कडेवर भरतो. त्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडे असतात. त्यांतले तेल अश्रू लवकर सुकू देत नाही. तोंडे बुजली की डोळे चुरचुरतात आणि रांजणवाडी उठते. म्हणून पेन्सिल केसांच्या बाहेरच्या बाजूने फिरवा. कोणत्याही आकाराच्या डोळ्याला हा एकच नियम.

सुरम्याबाबत आमचे सांगणे कडक आहे. राखाडी-काळ्या चमकदार दगडाचा सुरमा बहुतेकदा शिशाचा असतो. मूल डोळे चोळते, तीच बोटे तोंडात घालते आणि शिसे पोटात जाते. त्याने मेंदूची वाढ आणि शिकण्याची शक्ती कमी होते, आणि झालेले नुकसान भरून येत नाही. घरी धरलेल्या काजळीत शिसे नसले, तरी कण असतात आणि लावणाऱ्या बोटाचे जंतू असतात. म्हणून बाळाच्या डोळ्यात काहीच घालू नका. आजी रागावतील. त्यांना समजावून सांगा की दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची तर तळपायाला लावू, डोळ्यात नको. शिशाची संयुगे सौंदर्यप्रसाधनात रंगासाठी वापरायला आपल्या देशात बंदी आहे. म्हणून पाकिटावर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, बॅच नंबर आणि मुदत असलेलेच काजळ घ्या. सुटी डबी नको.

एकीची पेन्सिल दुसरीला नको

सुरम्याची एकच काडी घरभर फिरायची, तेव्हा खुपऱ्याही घरभर पसरत. खुपऱ्यांनी एकेकाळी देशात कितीतरी लोकांची दृष्टी नेली. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून त्या हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये जाहीर केले. पण डोळे येण्याची साथ अजून दरवर्षी येते आणि पेन्सिलच्या टोकावर बसून एका डोळ्यातून दुसऱ्यात जाते. पेन्सिल सोलून टोक नवे करता येते. मस्काऱ्याचा ब्रश मात्र धुऊन स्वच्छ होत नाही, तो दुसरीला देऊच नका. उघडलेला मस्कारा तीन महिन्यांनी टाकून द्या. रंगीत लेन्स कुणाची मागून घालू नका. स्वतःची लेन्स असेल, तर आधी लेन्स घाला, मग मेकअप करा. उतरवताना आधी लेन्स काढा.

रात्री कितीही उशीर झाला तरी मेकअप उतरवूनच झोपा. स्वच्छ कापसावर थोडे खोबरेल घ्या, डोळा बंद करून हलक्या हाताने पुसा, मग तोंड धुवा. घासू नका, पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते. डोळ्यात काही गेले तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा. लाली, दुखणे, धूसर दिसणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काही झाले, तर दुकानातून मनाने ड्रॉप्स आणू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पुढच्या लग्नाला मुली जमतील तेव्हा ताई-मावशींनी एवढे करावे : प्रत्येकीच्या पेन्सिलवर तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवा आणि व्हिडिओ लावण्याआधी प्रत्येकीला आरशात आपली पापणी बघायला सांगा.