पिंपातली कडू चव

नाचणीला मोड आणायचे, वाळवायची, भाजायची आणि सत्त्व करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. इंग्लंडात जवाचं नेमकं हेच करतात, फक्त पुढे त्याची बिअर होते. जव जरा जास्त भाजले की ती तपकिरी होते. तिला म्हणतात ब्राऊन एल. लेकीकडे गेले होते तेव्हा तिथल्या एका जुन्या पबमध्ये मी ती चाखली. अर्धा ग्लास, म्हणजे २८४ मिली.

मैत्रिणींनो, भुवया उंचावू नका. दारूचं कौतुक मला सांगू नये कुणी. अंबरनाथला कारखान्यांच्या वस्तीत वाढले मी. पगाराच्या दिवशी गेटबाहेर बायका उभ्या असायच्या. पाकीट गुत्त्यापर्यंत पोचायच्या आत हातात पडावं म्हणून. आईही उभी असायची, मला कडेवर घेऊन. त्यामुळे "आई, एक घोट घेऊन तर बघ" असं लेक म्हणाली, तेव्हा पोटात गोळाच आला.

पण ते पिंप बघून कुतूहल जागं झालं. बाटलीतल्या बिअरसारखी ही गाळून, वरून गॅस भरून बंद केलेली नसते. यीस्ट पिंपात जिवंतच असतं आणि तिथेही हळूहळू आंबवत राहतं. तळघरात ११ ते १३ अंशांवर ठेवायची, हाताच्या पंपानं वर ओढायची आणि पिंप एकदा उघडलं की तीनेक दिवसांत संपवायची, नाहीतर आंबट होते. इडलीच्या पिठाचीच तऱ्हा की!

रंग कोऱ्या चहासारखा. बर्फगार नाही, माठातल्या पाण्याइतकी गार. आधी करपट गुळाची चव, भाजक्या शेंगदाण्याची आठवण देणारी. मग लिंबाच्या सालीचा वास आणि मागून कडू. मेथीच्या लाडवाचं कडू असतं ना, घास गिळल्यावर जिभेवर रेंगाळणारं, तसं. हा कडूपणा हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा. त्यातही फक्त मादी वेलींचीच फुलं लागतात!

या फुलांनी बायकांचा धंदा नेला, हे लेकीनं सांगितलं. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंचं १९९६चं पुस्तक तिच्याकडे होतं. सातशे वर्षांपूर्वी तिथे एल गाळायच्या त्या बहुतेक बायकाच. तेव्हा त्यात हॉप नसायचे, चार दिवसांत खराब व्हायची. म्हणून घरच्यापुरती करायची, उरलेली शेजारीपाजारी विकायची, दारावर काठी लावून वर्दी द्यायची. पंधराव्या शतकात हॉपवाली बिअर समुद्रापलीकडून आली. ती टिकायची, गाडीवर घालून लांब नेता यायची. मग मोठी भांडी आली, भांडवल आलं, आणि ते होतं पुरुषांकडे. बायका मागे पडत गेल्या.

मला आमचं उल्हासनगर आठवलं. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी बायकांनी पापड लाटून घरं उभी केली. पापड तर वाळला की महिनोन्महिने टिकतो. म्हणजे टिकाऊपणानंच सगळं ठरतं असं नाही. गिरगावात १९५९ साली सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत सुरू केलं, ते आजही बायकांच्याच मालकीचं आहे. भांडवल कुणाचं आणि हिशेबाची वही कुणाकडे, ते बघावं.

चार घोट घेतले आणि उरलेली जावयापुढे सरकवली. चव आवडली का? आवडली. पुन्हा घेईन का, माहीत नाही.

आई आता ८१ वर्षांची आहे. तिला फोनवर सगळं सांगितलं. थोडा वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली,

"जावयांनी किती घेतली?"

"एक ग्लास. आणि माझी उरलेली."

"तू मोजत होतीस ना?"

"हो गं."


"बरं," आई म्हणाली आणि तिकडे थंडी किती आहे ते विचारू लागली.